हेलन केलर यांचें लोककार्य

हेलन केलर हें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत क्वचितच सांपडेल. एका हातावर पंपाचें गार पाणी पडत आहे, दुसऱ्या तळहातावर बाई बोटांनीं अक्षरें लिहीत आहेत, आणि त्या क्षणीं प्रत्येक वस्तूस नांव असतें हें त्या अंध-बधिर मुलीच्या ध्यानीं येत आहे, हा प्रसंग बहुतेकांस ठाऊक असतो. गोष्ट तेथेंच संपते व वाचणारा डोळे पुसून पुस्तक मिटतो. परंतु त्या प्रसंगानंतर ती मुलगी आणखी एक्क्याऐंशी वर्षें जगली. एवढ्या दीर्घ आयुष्यांत तिनें काय केलें, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. तें सांगण्याचा प्रयत्न आम्ही येथें करीत आहों. कारण आमच्या मतें या चरित्राचा खरा बोध त्या उत्तरभागांतच आहे.

हेलन यांचा जन्म २७ जून १८८० रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अलाबामा प्रांतीं, टस्कंबिया या लहानशा गांवीं झाला. वडील आर्थर केलर हे एका साप्ताहिकाचे संपादक होते. मूल जन्मतः धडधाकट होतें. परंतु एकोणीस महिन्यांचें असतांना त्यास ताप आला. त्यांतून जीव वांचला, पण दृष्टि व श्रवण हीं दोन्ही गेलीं. शब्द कानीं न पडल्यामुळें वाचाही खुंटली. आपली इच्छा ती हातवाऱ्यांनीं सांगे, आणि ती कोणास न समजली म्हणजे आदळआपट करी. आई केट यांनीं चार्ल्स डिकन्स याच्या अमेरिकेवरील प्रवासवर्णनांत लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीची हकीकत वाचली होती. बोस्टन येथील पर्किन्स शाळेंत डॉ. हाउ यांनीं तिला शिकविलें होतें. तेवढ्याच आशेच्या धाग्यावर आईबाप धडपडत राहिले. १८८६ सालीं टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची भेट झाली. बेल यांनीं पर्किन्स शाळेस पत्र लिहिण्याची वाट दाखविली, आणि ३ मार्च १८८७ रोजीं ॲन सुलिव्हन ही वीस वर्षांची शिक्षिका टस्कंबियास येऊन दाखल झाली.

या शिक्षिकेची पूर्वकथा विद्यार्थ्यांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. सुलिव्हनबाई गरीब आयरिश कुटुंबांतल्या. खुपऱ्यांच्या रोगानें लहानपणींच त्यांची दृष्टि अधू झाली. आई वारली, आणि दहाव्या वर्षीं धाकट्या भावासह त्यांची रवानगी ट्यूक्सबरी येथील सरकारी अनाथगृहांत झाली. भाऊ तेथेंच गेला. अंध मुलांसाठीं कोठें तरी शाळा असते एवढें त्यांच्या कानीं आलें होतें. एके दिवशीं अनाथगृहाची तपासणी करण्यास सरकारी मंडळ आलें. ही अर्धअंध मुलगी त्या मंडळींच्या मागून फिरली, आणि ते निघण्याच्या बेतांत असतां पुढें होऊन, आपणांस शाळेंत जावयाचें आहे, असें तिनें मोठ्यानें सांगितलें. त्याचा परिणाम म्हणून १८८० सालीं ती पर्किन्स शाळेंत गेली. कोणी आपण होऊन विचारपूस करील याची वाट ती पाहत बसली असती, तर ती तेथेंच राहिली असती व हेलन केलर हें नांवही जगास कळलें नसतें. आपली गरज, ती भागविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे त्याच्यासमोर स्पष्ट मांडणें, हा लोककार्याचा पहिला धडा. तो हेलनबाईंस त्यांच्या गुरूच्या चरित्रांतूनच मिळाला.

दुसरा धडा त्यांनीं स्वतःच घालून दिला. १८९१ सालीं, त्यांचें अकरावें वर्ष चालू असतां, त्यांची आवडती कुत्री कोणी तरी गोळी घालून मारली. ही वार्ता पसरतांच, दुसरी कुत्री घेण्यासाठीं म्हणून ठिकठिकाणांहून पैसे देण्याची तयारी लोकांनीं दाखविली. त्याच सुमारास टॉमी स्ट्रिंगर नांवाच्या पांच वर्षांच्या अंध-बधिर मुलाची हकीकत हेलन यांस कळली होती. त्यास आई नव्हती, आणि पैशाअभावीं त्यास शिकविण्याची सोय होत नव्हती. आपणांस कुत्री नको, तो पैसा टॉमीच्या शिक्षणास द्यावा, असें या मुलीनें सर्वांस कळविलें. एवढ्यावरच ती थांबली नाहीं. ओळखीच्या व अनोळखी माणसांस तिनें पत्रें लिहिलीं, वर्तमानपत्रांस लिहिलें, मिळालेल्या मदतीबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. टॉमी पर्किन्स शाळेंत दाखल झाला. लोकांच्या मनांत आपल्याविषयीं उत्पन्न झालेला कळवळा आपल्याहून अधिक गरजवंताकडे वळविणें, हें पुढें त्यांच्या जन्माचें कार्य झालें. त्याचा आरंभ असा बालपणींच झाला.

पुढें कॉलेजांत जाण्याचा त्यांनीं निश्चय केला. त्या काळीं अंधांच्या वाचनासाठीं अमेरिकेंत एकच लिपी नव्हती. उठावाचीं अक्षरें, न्यूयॉर्क पद्धतीचे ठिपके, अमेरिकन ब्रेल, इंग्रजी ब्रेल असे अनेक प्रकार चालू होते व प्रत्येक शाळेस आपल्याच प्रकाराचा अभिमान होता. याचा ताप अंध वाचकांस किती होई, हें हेलनबाईंनीं १८९९ च्या प्रवेशपरीक्षेंत अनुभविलें. बीजगणिताच्या प्रश्नपत्रिकेंतील चिन्हें त्यांस परिचित असलेल्या इंग्रजी ब्रेलचीं नसून अमेरिकन पद्धतीचीं असणार, हें त्यांस परीक्षेच्या अवघे दोन दिवस आधीं कळलें. त्या उत्तीर्ण झाल्या खऱ्या, पण हा प्रसंग त्या विसरल्या नाहींत. पुढें सर्व अंधांसाठीं एकच लिपी असावी व ती ब्रेल असावी, या मताच्या बाजूनें त्यांनीं आपलें वजन खर्च केलें. अखेर १९३२ सालीं इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांनीं एकरूप इंग्रजी ब्रेल मान्य केली. आमच्या देशांतही निरनिराळ्या भाषांच्या निरनिराळ्या ठिपकेलिपी होत्या. १९५१ सालीं भारती ब्रेल ठरली, व आज मराठी पुस्तकें अंध विद्यार्थी वाचतात तीं त्याच लिपींत.

रॅडक्लिफ कॉलेजांत १९०० सालीं प्रवेश करून १९०४ सालीं त्यांनीं पदवी संपादन केली. वर्गांत अध्यापक बोलत असतां सुलिव्हनबाई शेजारीं बसून तें सर्व त्यांच्या तळहातावर अक्षरशः लिहीत. अंध-बधिर व्यक्तीनें अशी पदवी मिळविल्याचें जगांतील हें पहिलेंच उदाहरण होय. त्यांचें आत्मचरित्र १९०३ सालींच प्रसिद्ध झालें होतें. कीर्ति पायाशीं चालत आली होती. एक अद्भुत व्यक्ति म्हणून सत्कार घेत, स्तुति ऐकत सुखानें राहणें त्यांस सहज शक्य होतें. परंतु आपण एकट्या वर आलों, मागें राहिलेल्या सहस्रावधि अंध-बधिरांचें काय, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. पदवीधर झालेला अंध मनुष्यही काम न मिळाल्यामुळें घरीं बसून राहतो, हें त्या पाहत होत्या. शिक्षण मिळालें, पण उद्योग नाहीं, तर त्या शिक्षणानें दुःखाची जाणीव मात्र वाढते.

१९०६ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांताच्या सरकारनें अंधांसाठीं एक कायम मंडळ नेमलें व हेलनबाईंस त्याचें सभासद केलें. पण तोंडी चर्चा भरभर चाले व ती हातावर उतरून घेईपर्यंत विषय पुढें गेलेला असे. म्हणून कांहीं काळानें त्यांनीं तें सभासदत्व सोडलें. येथेंही शिकण्याजोगें आहे. समितींत अपंगास जागा दिली म्हणजे काम झालें असें नव्हे. त्यास बोलणें कळेल व बोलतां येईल अशी तजवीजही केली पाहिजे. हेलनबाई निराश मात्र झाल्या नाहींत. लेखणी हें आपलें खरें साधन आहे हें ओळखून त्या लिहूं लागल्या.

१९०७ सालीं स्त्रियांच्या एका मोठ्या खपाच्या मासिकांत त्यांनीं नवजात बालकांच्या अंधत्वाविषयीं लिहिलें. प्रसूतीच्या वेळीं आईकडून होणाऱ्या एका संसर्गानें पुष्कळ मुलांचे डोळे जन्मतःच जात. मूल जन्मतांच डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचे थेंब घातले म्हणजे हें टळतें, ही गोष्ट डॉक्टरांस १८८० च्या सुमारापासून माहीत होती. मग मुलें आंधळीं कां होत? कारण त्या रोगाचें नांव सभ्य घरांत काढीत नसत, आणि वर्तमानपत्रेंही तो विषय टाळीत. लाजेच्या पायीं बालकांचे डोळे जात होते. हेलनबाईंनीं ती लाज बाजूस सारून आयांसमोर सत्य मांडलें. थोड्या दिव्याच्या औषधापेक्षां मोकळ्या बोलण्याची उणीव अधिक अनर्थ करीत होती, हें त्यांनीं दाखविलें.

अंधत्वाचीं कारणें शोधतां शोधतां त्या आणखी खोल गेल्या. गिरण्या व कारखाने यांतील अपघात, कोंदट चाळी, अर्धपोटीं राहणें व वेळेवर औषध न मिळणें, यांमुळें गरिबांचे डोळे व कान श्रीमंतांपेक्षां अधिक जातात, असें त्यांस आढळून आलें. मग त्या मजुरांच्या बाजूनें बोलूं लागल्या. १९०९ सालीं समाजवादी पक्षांत शिरल्या. स्त्रियांस मताधिकार मिळावा म्हणून झगडल्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्थेस १९१६ सालीं त्यांनीं पत्र व देणगी पाठविली, तेव्हां त्यांच्या दक्षिणेकडील आप्तेष्टांस तें रुचलें नाहीं. १९२० सालीं नागरिकांच्या स्वातंत्र्याचें रक्षण करणारी संस्था स्थापणाऱ्यांत त्या होत्या. ज्या संपादकांनीं पूर्वीं त्यांच्या बुद्धीची वाखाणणी केली होती, त्यांतीलच कांहीं आतां, बिचारीस दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं, तेव्हां तिला जगाची काय कल्पना असणार, असें लिहूं लागले. अपंग मनुष्य गोड बोलतो तोंवर जग त्याचें कौतुक करतें, तो कांहीं मागूं लागला कीं त्याचें अपंगत्व त्याच्या तोंडावर फेकतें. हा अनुभव हेलनबाईंस पुरेपूर आला.

थोरांच्या चरित्रांतील चुका झांकून ठेवूं नयेत, असें आम्हांस वाटतें. १९१५ सालीं शिकागो शहरीं एका डॉक्टरानें व्यंग असलेल्या नवजात बालकावर शस्त्रक्रिया करण्याचें नाकारलें व तें बालक मरूं दिलें. त्या वेळीं हेलनबाईंनीं त्या डॉक्टराची बाजू घेतली. ज्यांचें स्वतःचें जीवन कित्येकांनीं व्यर्थ मानलें असतें, त्यांनींच दुसऱ्या जीवाविषयीं असें मत द्यावें, हें वाचून मन खिन्न होतें. त्या काळीं सुशिक्षितांत सुप्रजननाच्या कल्पनांचें वारें होतें, व त्यापासून त्याही अलिप्त राहिल्या नाहींत. यावरून आम्हीं एवढेंच घ्यावें कीं, कोणाचें जीवन जगण्यास योग्य आहे, हें ठरविण्याचा मोह मोठ्या मनासही होतो; म्हणून त्याविषयीं सदैव सावध असावें.

उदरनिर्वाहाचा प्रश्न त्यांसही सुटला नव्हता. व्याख्यानें देत, आणि १९२० पासून कांहीं वर्षें नाटकगृहांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत रोज दोनदां रंगभूमीवर उभ्या राहून त्यांनीं आपलें व आपल्या गुरूचें पोट भरलें. १९२४ सालीं अंधांसाठींच्या अमेरिकन प्रतिष्ठानाचें कार्य त्यांनीं हातीं घेतलें, आणि तें जन्मभर सोडलें नाहीं. गांवोगांव सभा भरवाव्या, निधि जमवावा, प्रत्येक प्रांताच्या विधिमंडळापुढें जावें, असा क्रम सुरू झाला. १९२५ सालीं ओहायो प्रांतीं लायन्स क्लबांच्या अधिवेशनांत त्यांनीं भाषण करून त्या व्यापारी मंडळींस अंधांचें कार्य आपलें म्हणून स्वीकारण्यास सांगितलें. आज जगभर लायन्स क्लब नेत्रचिकित्सेचें काम करतात त्याचें मूळ तेथें आहे. अंध प्रौढांस पुस्तकें मिळावींत म्हणून राष्ट्रीय विधिमंडळाच्या समितीपुढें १९३० सालीं त्यांनीं साक्ष दिली. १९३१ सालीं कायदा होऊन त्यासाठीं दरसाल एक लक्ष डॉलरांची तरतूद झाली. १९३५ च्या सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यांत गरजू अंधांस साहाय्य देण्याचें स्वतंत्र प्रकरण आलें, त्यामागेंही त्यांचे श्रम होते.

१९३६ सालीं सुलिव्हनबाई निवर्तल्या. जवळजवळ पन्नास वर्षांची सोबत सुटली. पॉली थॉमसन या सहचारिणीच्या हातीं हात देऊन हेलनबाईंनीं काम पुढें चालविलें. दुसऱ्या महायुद्धांत हातपाय, डोळे किंवा कान गमावलेल्या सैनिकांस त्या इस्पितळांत जाऊन भेटत. १९४४ सालीं त्या पुनः विधिमंडळाच्या समितीपुढें उभ्या राहिल्या, आणि सर्वांत अधिक हाल कृष्णवर्णीय अंधांचे व अंध-बधिरांचे होतात, हें त्यांनीं तेथें निक्षून सांगितलें. संघटनेंतही ज्यांचा आवाज सर्वांत मागें पडतो त्यांस पुढें आणावें, हा त्याचा अर्थ.

१९४६ ते १९५७ या काळांत त्या पांचही खंडांतील ३५ देशांत फिरल्या. जपानांत त्या १९३७ व १९४८ सालीं गेल्या. दुसऱ्या भेटीच्या पुढच्याच वर्षीं तेथें अपंगांच्या कल्याणाचा कायदा झाला. १९५५ सालीं, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या हिंदुस्थानांत आल्या व पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांस भेटल्या. आमच्या इकडे अंधांच्या शिक्षणाचें बीज आधींच पडलेलें होतें. मुंबईंत मिस मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनीं १९०० सालीं अंध मुलांची शाळा काढली. १९५२ सालीं अंधांसाठीं राष्ट्रीय संस्था त्याच शहरीं स्थापन झाली. आणि १९७७ सालीं तेथेंच अंध-बधिर मुलांसाठीं शाळा निघाली, तिला नांव दिलें तें हेलन केलर यांचेंच.

१ जून १९६८ रोजीं, सत्त्याऐंशीव्या वर्षीं, हेलनबाईंचें देहावसान झालें. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय प्रार्थनामंदिरांत त्यांच्या अस्थि त्यांच्या गुरूच्या अस्थींजवळच ठेविल्या आहेत.

त्यांच्या हयातींतच एक नवें वळण लागलें होतें. अंधांसाठीं डोळसांनीं चालविलेल्या संस्था पुष्कळ होत्या; परंतु १९४० सालीं अमेरिकेंतील अंधांनीं स्वतःचा राष्ट्रीय संघ स्थापिला, व आपल्या वतीनें आपणच बोलूं असें ठरविलें. तोच प्रवाह पुढें सर्वत्र वाढला. आमच्या देशांत १९९५ सालीं अपंगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा झाला, त्यासाठीं अपंगांनीं स्वतः दिल्लींत निदर्शनें केलीं होतीं. २००६ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं जागतिक करार केला, व २०१६ सालीं आमच्याकडे नवा कायदा होऊन त्यांत २१ प्रकारच्या अपंगत्वांस मान्यता मिळाली. सरकारी नोकऱ्यांत शेंकडा ४ जागा राखून ठेवाव्या असें त्यांत आहे. कायदा आहे, परंतु कायदा कागदावरून पायरीवर, वर्गांत व कचेरींत उतरविण्याचें काम लोकांचें आहे.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं काय करावें? प्रथम, अपंग सोबत्यास काय हवें तें त्यालाच विचारावें. आपणच कल्पना करून मदत लादूं नये. ज्या शाळेस, ग्रंथालयास वा दवाखान्यास चाकाच्या खुर्चीनें चढण्यासारखा उतरता मार्ग नाहीं, तिची नोंद करून, अपंग बंधुभगिनींस पुढें घेऊन, चारचौघांच्या सह्यांचा अर्ज नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे द्यावा व त्याचें उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. अंध विद्यार्थ्याचा लेखनिक होण्यास तयार असावें. त्यास पुस्तकें वाचून दाखवावीं. बधिर मित्राची खुणांची भाषा शिकावी. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, घरांत अपंग मूल असेल तर त्यास पाहुण्यांपासून लपवूं नये. त्याचें प्रमाणपत्र काढावें, त्याचें नांव शाळेंत घालावें, व कोणी प्रवेश नाकारल्यास त्याचें कारण लेखी मागावें.

ट्यूक्सबरीच्या अनाथगृहांत एका अर्धअंध मुलीनें धीर करून चार शब्द उच्चारले. त्या शब्दांतून एक शिक्षिका झाली, त्या शिक्षिकेच्या हातून हेलन केलर घडल्या, आणि हेलन केलर यांच्या श्रमांतून अगणित लोकांस पुस्तक, शाळा व काम मिळालें. आपल्या वर्गांतही मागच्या बांकावर असें कोणी बोलूं पाहत असेल. त्याचें बोलणें ऐकण्यास आपण थांबलों, तर हेलनबाईंचें चरित्र आपणांस खरोखर कळलें असें आम्ही म्हणूं.